रजोनिवृत्ती : अरिष्टाची बाटली देण्यापूर्वी

सुश्रुताचार्यांनी रजोनिवृत्तीचे वय सुमारे ५० वर्षे सांगितले आहे. परंतु बृहत्त्रयीत ती स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिलेली नाही. ती जरावस्थेकडे नेणारी स्वाभाविक अवस्था होय. वाताचे प्राबल्य व धातुक्षय यांमुळे अनिद्रा, संधिशूल, चिडचिड उद्भवते; पित्तानुबंधाने अंगाची आग होते. अभ्यंग, शतावरीसिद्ध घृत, व्यायाम आणि रुग्णेचे शांतपणे ऐकून घेणे यांचा येथे उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

मात्र एक प्रसंग विसरता येत नाही. पाळी थांबून दोन वर्षे झालेली एक भगिनी पुन्हा रक्तस्राव होतो म्हणून आली. त्यापूर्वी चार महिने ती दुकानातून अशोकारिष्ट नेत होती. कोणी काही विचारले नव्हते. सोनोग्राफी व गर्भाशयाच्या अंतःस्तराची तपासणी करविली, तेव्हा कर्करोग निघाला.

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर झालेला अल्पसा रक्तस्रावही ‘उष्णता’ समजून सोडू नये. प्रथम तपासणी, मग चिकित्सा. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या स्त्रीस अश्वगंधा देतानाही विचारणा हवी.

अमेरिकेतील २००२ सालच्या मोठ्या अभ्यासानंतर हार्मोन-उपचारांची धास्ती पसरली. पुढे वय व काळ पाहून त्यांचे स्थान पुन्हा मान्य झाले. त्या भीतीवर आपला व्यवसाय उभारणे आपणांस शोभत नाही. औषधविक्रेत्या बंधूंनी गल्ल्यावरच दोन प्रश्न विचारावेत आणि गरज दिसताच रुग्णेस वैद्याकडे पाठवावे. एक बाटली कमी खपेल. एक भगिनी वाचेल.