हलगीचा ठेका ‘डीजे’वर वाजतो, हलगीवाल्याला काय मिळतं?

अनंत चतुर्दशीला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मानाच्या गणपतींपुढे ढोल-ताशा पथकं असतात. टिळक रस्त्यावर रात्र चढली की स्पीकरच्या भिंती सुरू होतात. त्यातून येणारा आवाज नीट ऐका. खाली इलेक्ट्रॉनिक बेस आणि वर हलगी, संबळ किंवा ताशाची तर्री.

हा प्रकार आता मिरवणुकीपुरता राहिलेला नाही. २०२४ मध्ये क्रेटेक्स म्हणजेच कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ रील्सवर तुफान चाललं. स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्सच्या डान्स म्युझिक लेबलने ते काढलं होतं. मराठी हाऊस म्युझिक चालतं का, हा वाद तिथेच संपला.

पण लोकवाद्यांवर बीट बसवून पोट भरणाऱ्या कलाकाराचा प्रश्न वेगळा आहे. गाणं सगळीकडे वाजतं, मग पैसे कुठून येतात?

वरातीत वाजलं, पण रॉयल्टी नाही

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये एक सूट आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळेही त्यातच धरले आहेत. म्हणजे या संगीताचा हक्काचा श्रोता जिथे नाचतो, नेमकं तिथेच रॉयल्टीचं मीटर बंद असतं. प्रायोजकांचे फलक लावलेली डीजे मिरवणूक ‘धार्मिक समारंभ’ ठरते का, यावर वाद घालता येईल. सूट नेमकी किती ताणायची यावरून खटलेही झालेत. गोवा सरकारने लग्नांबाबत काढलेलं असंच एक परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलं.

मग उरतं काय? सुपारी, क्लबमधले कार्यक्रम आणि स्ट्रीमिंग. गणपतीचा हंगाम संपला की सुपाऱ्या आटतात. त्यात रात्री दहा वाजता लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. गाण्याच्या रेकॉर्डिंगवर हक्क बहुतेक वेळा लेबलचा असतो. गीतकार-संगीतकाराला २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीत वाटा दिला, आणि ‘आयपीआरएस’ ही संस्था तो गोळा करते. सभासदच नसाल तर पैसे दारात येत नाहीत, हे अनेकांना गाणं व्हायरल झाल्यावर कळतं.

आणि हलगीवाला?

खरी अडचण इथे आहे. पारंपरिक ठेका कुणा एकाच्या मालकीचा नसतो, त्यामुळे तो कुणीही वापरू शकतं. निर्माता हलगीवादकाला स्टुडिओत बोलावतो, तासाभरात दहा-बारा ठेके रेकॉर्ड करतो, हातावर मानधन ठेवतो. त्या ठेक्यांचे लूप पुढे पाच गाण्यांत फिरतात. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या हातात राहिली, संबळ गोंधळ्यांच्या. दोघांनाही या कलेचा मान कमी आणि राबवून घेणं जास्त वाट्याला आलं. लॅपटॉपने त्यात भर घातली, असं म्हणायला जागा आहे.

खरं तर कायदा वादकालाही ‘परफॉर्मर’ मानतो. ठेका सगळ्यांचा असला, तरी त्याने स्टुडिओत केलेलं ते वादन त्याचं असतं. व्यावसायिक वापर झाला तर कलम ३८अ प्रमाणे रॉयल्टी मागता येते. गायक-वादकांची ‘इसम्रा’ ही संस्था त्यासाठीच आहे. पण कागदच झाला नसेल आणि गाण्याच्या माहितीत नावच नसेल, तर मागायचं कशाच्या आधारावर?

नाव देणं अवघड नाही, हे मुंबईच्या ‘स्वदेशी’ या हिप-हॉप गटाने दाखवलं आहे. आरेच्या जंगलाच्या लढ्यावरच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि गाण्यावर त्यांचं नावही आहे. आवाजाला नाव मिळतं, वाद्याला सहसा मिळत नाही, एवढाच काय तो फरक. पुण्यात पुढचा लूप रेकॉर्ड होण्याआधी एक पानी करार केला, तरी वादकाकडे दाखवायला काहीतरी राहील. त्यावर तीन गोष्टी हव्यात: वादकाचं नाव, लूप किती गाण्यांत वापरणार आणि त्यातला वाटा.