घाईनें टाकलेला एक्का

गेल्या रविवारीं दुपारच्या चहानंतर आमच्या नगरच्या घरीं ब्रिजचा डाव मांडला. काका माझे भिडू. प्रतिपक्षाला वहिनी व आतेभाऊ. वहिनींनीं तीन बिनहुकमीची बोली घेतली. उतारी माझी. माझ्या हातीं इस्पिकचा राजा, दश्शी व तीन किरकोळ पानें होतीं. रिवाजाप्रमाणें मीं वरून चौथें पान उतरलें. उघड्या हातांत इस्पिकचीं दोन क्षुद्र पानें. काकांनीं गुलाम टाकला आणि वहिनींनीं क्षणाचाहि विलंब न लावतां एक्क्यानें हात घेतला.

पुढें त्यांनीं चौकटची फिनेस घेतली, ती माझ्या राजानें मारली. आतां काय उतरावें? लागोपाठचीं पानें असल्यास तिसरा खेळाडू त्यांतलें खालचें टाकतो. अर्थात् गुलामामागें काकांकडे राणी असेल, असें मीं धरलें व लहान इस्पिक उतरलें. राणी पडली ती वहिनींकडून! त्यांचे नऊ हात पुरे झाले. काकांजवळ बदामाचा एक्का होता. मीं बदाम उतरलें असतें, तर काकांनीं उलट इस्पिक खेळून वहिनींची राणी कोंडली असती व बोली दोन हातांनीं बुडाली असती.

“अरे, एकटा एक्का असता, तर बिनहुकमींत तो इतक्या उदारपणें कोणी खर्चील काय?” काका म्हणाले. खरेंच होतें. इस्पिकांत एक्क्यावांचून दुसरा आधार नसेल, तर शहाणा खेळाडू तो एकदोन वेळां राखून ठेवतो, म्हणजे माझ्या भिडूजवळचीं इस्पिकें संपतात. वहिनींनीं राणीनें हात घेतला असता, तर एक्काहि त्यांच्याकडेच हें मला तत्काळ कळलें असतें. कारण एक्का हातीं असतां काका गुलाम टाकतेना. म्हणून त्यांनीं राणी झांकली. पान खोटें बोललें, पण घाईनें खरें सांगितलें होतें.

बोली खेळणाऱ्याला ही लबाडी स्वस्त पडते. त्याचा भिडू पानें मांडून स्वस्थ बसलेला. फसणार कोण, तर आम्ही दोघे. आम्हीं तेंच केलें तर मात्र निम्मा धोका आपल्याच भिडूला. म्हणून बोलीवाल्याच्या पानाविषयीं संशय अधिक धरावा, भिडूच्या पानावर विश्वास ठेवावा. फक्त तें पान जेवढें सांगतें त्याहून अधिक त्यांत वाचूं नये. गुलामानें राणीचें वचन कोठें दिलें होतें?

या खेळाचें वेड भल्याभल्यांना असे. १९४२ च्या ऑगस्टपासून आमच्या नगरच्या किल्ल्यांत स्थानबद्ध राहिलेले सरदार वल्लभभाई वकिलीच्या दिवसांत अहमदाबादच्या गुजरात क्लबांतील नामांकित ब्रिजपटु होते. गांधीजी तेथें भाषणाला आले तेव्हांहि ते पत्ते सोडून उठले नाहींत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

असो. पुढच्याच डावीं वहिनींनीं पुन्हा इस्पिकचा एक्का तत्काळ टाकला. या खेपेस मी फसणार नव्हतों! हात मिळतांच मीं इस्पिक सोडून किलवर उतरलें. राणी काकांकडे निघाली. वहिनींना भय इस्पिकचें नव्हतेंच, बदामाचें होतें. हात सोडला तर आम्ही तिकडे वळूं, म्हणून ती घाई. उघड्या हातांतील बदामाचीं दोन दुबळीं पानें सारा वेळ माझ्या डोळ्यांसमोर होतीं.