जुनी वाइड लेन्स आणि हूडचं डेड ग्राउंड

जुन्या वाइड लेन्सला हूड लावला की फ्लेअरची काळजी मिटली, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यात आपली निवृत्त फौजी मंडळी बरीच. ट्रंकेतून २८ मिमीची जुनी निक्कॉर निघते, मुलगा किंवा जावई ती डिजिटल कॅमेऱ्यावर बसवून देतो आणि मग त्याच काळातला ‘ओरिजिनल’ धातूचा हूड शोधणं सुरू होतं. ‘साहेब, एचएन-२ कुठे मिळेल?’ असे फोन मला पोस्टिंगवरही येतात. माझं मत सरळ आहे. हूड लावा, पण समोरच्या उन्हासाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका. आणि तो ओरिजिनलच हवा म्हणून पेन्शनमधले पैसे तर मुळीच घालू नका.

कारण साध्या भूमितीत आहे. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीवर २८ मिमीची लेन्स कर्णात सुमारे ७४ अंश बघते, आडवं ६५ आणि उभं ४६. गोल हूडला चारही कोपरे मोकळे सोडावे लागतात, म्हणजे मध्यापासून सगळीकडे ३७ अंश. फोटोची वरची कड मात्र २३ अंशांवरच संपते. कॅमेरा समतल धरलाय आणि सूर्य समोर ३० अंशांवर आहे, तर तो फोटोत नाही आणि हूडच्या आडही नाही. थेट काचेवर. फौजेत याला डेड ग्राउंड म्हणतात: जमीन आपल्या समोरची, पण आपल्या पोझिशनवरून तिथे फायर पोचत नाही. लेन्स २४ मिमीची असेल तर हा पट्टा आणखी रुंद होतो.

सध्या माझा मुक्काम रायपूरजवळ अभनपूरला आहे. कधीकाळी इथे नॅरोगेजचं जंक्शन होतं, एक फाटा धमतरीला आणि एक राजिमकडे. विदर्भातल्या वाचकांनी आपली शकुंतला आठवावी. २०२५ पासून रायपूरची ब्रॉडगेज गाडी सुरू झाली आहे. सुटीच्या दिवशी मी सकाळी पूर्वेकडे नवापाऱ्याला जातो. तिथे महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे, पात्रात कुलेश्वर महादेवाचं मंदिर आणि पलीकडच्या काठावर राजिम. या बाजूने बघताना सकाळचा सूर्य समोर येतो. मार्च किंवा सप्टेंबरात सूर्योदयानंतर दीड-पावणेदोन तासांपासून पुढचा तासभर तो नेमका त्या डेड ग्राउंडमधून चढत असतो. हूड कितीही अस्सल असो, मंदिराचे दगड राखाडी धुक्यात गेलेले दिसतात.

जुन्या लेन्सला हे जास्त भोवतं. जुन्या २८ मिमी निक्कॉरच्या कड्यावर ‘एच’ अक्षर असतं, म्हणजे सहा काचा. सहाही सुट्या, म्हणजे हवेला लागणारे १२ पृष्ठभाग. कोटिंग नसलेला प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. एकेरी कोटिंगने हे प्रमाण बरंच उतरतं, पण अनेक थरांचं कोटिंग सर्रास झालं ते सत्तरच्या दशकात. पेंटॅक्सने १९७१ मध्ये आपल्या टाकुमारच्या नावातच ते घातलं. त्याआधीच्या लेन्समध्ये शिरलेलं ऊन आत बराच वेळ टोलवाटोलवी करतं. त्यावर संरक्षणासाठी म्हणून यूव्ही फिल्टर चढवला की आणखी दोन सपाट पृष्ठभाग वाढले. फिल्टर आणि हूड एकावर एक लावलेत तर कोपरेही काळे पडायची भीती. तो फिल्टर आधी काढा. काचेला धूळ, बोटं आणि धक्के यांपासून वाचवायला धातूचा हूड पुरतो, आणि माझ्या लेखी तीच त्याची मुख्य ड्यूटी.

दुसरा खरा उपयोग उघड्या वाळूवर आणि पांढुरक्या आभाळाखाली. तिथे एक सूर्य नसतो, सगळीकडूनच उजेड येत असतो. त्यातला कडेचा थोडा हूड कापतो. थोडाच.

पाकळ्यांचा हूड घ्यावा का, असंही विचारतात. विचार बरोबर आहे, कारण लांब बाजूंना त्याच्या पाकळ्या पुढे येतात आणि डेड ग्राउंड कमी होतं. पण तो जुन्या लेन्सच्या आट्यांत पिळून बसवला तर पाकळी नेमकी वर थांबेल याची खात्री नाही, आणि काही लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना फिरतो. ज्यांचा डिजिटल कॅमेरा लहान सेन्सरचा आहे, त्यांचं काम सोपं. तिथे २८ मिमीची लेन्स ४२ मिमीसारखी वागते, तेव्हा ३५ मिमीसाठीचा खोल हूड, निकॉनमध्ये एचएन-३, बिनधास्त लावा. ५२ मिमीच्या आट्यांचा साधा बिननावाचा हूडही तेच काम करतो.

एवढं लिहायचं कारण मेळाव्यांचे फोटो. माजी सैनिकांचा ग्रुप फोटो झेंडावंदनानंतर सकाळीच निघतो, रांगा लावणारा बाकांची सोय बघतो, उन्हाची नाही, आणि सूर्य रांगांच्या मागे. हूड लावलाय म्हणून फोटो काढणारा निर्धास्त. मागच्या रांगेतले चेहरे फिकट होतात, एखाद्याच्या छातीवर हिरवट गोळा उमटतो. कॉन्ट्रास्ट नंतर थोडा ओढता येतो, तो गोळा चेहऱ्यावर आला तर मात्र इलाज नाही. त्यातले काही जण पुढच्या मेळाव्याला नसतात. घरी भिंतीवर तोच फोटो राहतो.

अशा वेळी आधी रांगा फिरवा. ते जमत नसेल तर कॅमेरा तिवईवर ठेवा, बाजूला उभं राहून काचेकडे बघा आणि टोपी किंवा तळहात असा धरा की त्याची सावली पुढच्या काचेवर पूर्ण पडेल. ऊन काचेवरून गेलं की नाही हे डोळ्यांना तिथल्या तिथे दिसतं. वाइड लेन्समध्ये टोपीची कड फोटोत घुसते, म्हणून प्रत्येक वेळी दोन-तीन फ्रेम काढा. सूर्य चौकटीतच असेल तर टोपीही उपयोगाची नाही. मग दहा पावलं सरकून त्याला झाडाआड किंवा खांबाआड घ्या.