भट्टी जपली, खड्ड्यांचे काय?

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात नेटलबेड नावाचे गाव आहे. तिथे घरांच्या मधोमध बाटलीच्या आकाराची एक जुनी वीटभट्टी उभी आहे. डागडुजी करून ती जपलेली आहे, येणारे-जाणारे तिचे फोटो काढतात. या धंद्याची माती जिथून निघाली ते खड्डे मात्र शेजारच्या रानात पाचोळ्याखाली पडून आहेत. वारसा म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हा उघड पंक्तिभेद आहे.

नेटलबेड ज्या चिल्टर्नच्या टेकड्यांवर आहे, त्या खडूच्या दगडाच्या. त्यात पाणी ठरत नाही. नेटलबेडच्या माथ्यावर मात्र चिकणमाती आणि वाळूचे थर आहेत, आणि जळणाचे लाकूड भोवतीच्या रानातच. त्यामुळे मध्ययुगापासून इथे कौले आणि विटा होत असत. 1416-17 मध्ये थॉमस स्टोनर या जमीनदाराने जवळच्या आपल्या वाड्याच्या कामासाठी इथून 2 लाख विटा घेतल्या आणि 40 पौंड मोजले. हिशेबात ही रक्कम टिकली. ती माती ज्यांनी खणली त्यांची खूण या खड्ड्यांखेरीज कुठे उरली आहे?

काम वर्षभराचे असे. शरदात माती खणायची आणि हिवाळाभर उघड्यावर टाकायची. तिच्यातले पाणी गोठले की ढेकळे आपोआप फुटत. वसंतात ती तिंबायची, साच्यात विटा पाडायच्या, सुकल्या की भट्टी लावायची. जुन्या खाणीच्या खड्ड्याची एक बाजू बऱ्याचदा उतरती असते. माती वर काढायची वाट तीच. काठावर टाकाऊ मातीचा उंचवटा दिसतो. तळाशी चिकणमाती उरल्याने काही खड्ड्यांत पाणी साचले आणि कोरड्या डोंगरमाथ्यावर तळी झाली. अशा तळ्यांत चतुर आणि पाणसरडे वाढतात.

शेतात असते तर नांगराने हे खड्डे कधीच सपाट केले असते. पण ते गायरानांत आहेत, आणि नेटलबेडची गायराने 1906 च्या खास कायद्याने राखली गेली. पुढे चराई थांबली, झाडी माजली आणि खड्डे झाकले गेले. आता विमानातून लेसर किरणांनी मोजणी करून झाडीखालची जमीन उघडी पाहता येते. चिल्टर्नमध्ये सुमारे 1,400 चौरस किलोमीटरची अशी मोजणी झाली आहे. तेव्हा ठाऊक नव्हते, ही सबब आता चालणार नाही.

नकाशावर या खड्ड्यांची नोंद भट्टीच्याच मानाने व्हावी. लाकूडतोडीची अवजड यंत्रे त्यांना वळसा घालून जावीत आणि त्यांत बागेचा कचरा टाकणे बंद व्हावे. रीडिंग-ऑक्सफर्डच्या बाजूला राहणाऱ्या मराठी वाचकांनी भट्टी पाहून झाल्यावर रानातही चक्कर टाकावी. फक्त पायवाट सोडू नये, खड्ड्यांचे काठ भुसभुशीत असतात.