एका आकड्यावर निदान नको

‘थकवा येतो? इच्छा मंदावली? टेस्टोस्टेरॉन तपासा, कमी आले की इंजेक्शन घ्या.’ तिशी-चाळिशीतल्या पुरुषांना हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. पूर्वपक्ष बिनतोड वाटतो: साखर मोजून मधुमेह ठरतो, मग संप्रेरक मोजून त्याची कमतरता का ठरू नये?

ठरवावी, पण साखरेलाही उपाशीपोटी आणि जेवणानंतर असे वेगळे निकष असतातच. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते, दिवस चढेल तसे उतरते, जेवणानंतरही घटते. दुपारी चारला, भरल्या पोटी दिलेल्या रक्तात 280 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले, की रिपोर्टवर ठळक ‘लो’ उमटू शकतो. त्याच माणसाचे सकाळी आठचे, उपाशीपोटीचे रक्त मर्यादेत भरू शकते. मग या ‘लो’वर औषध सुरू करायचे कशाच्या आधारे?

शिवाय मोजले काय? एकूण टेस्टोस्टेरॉनपैकी जेमतेम 2 टक्के रक्तात मोकळे असते. बाकीचे एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या प्रथिनांना बांधलेले. स्थूलपणात एसएचबीजी घटते, त्यामुळे एकूण आकडा खाली येतो. मोकळे संप्रेरक मात्र पुरेसे असू शकते. स्त्रियांत मुळात प्रमाणच इतके अल्प, की मोजणीच्या नेहमीच्या इम्युनोअसे पद्धतीचा भरवसा धरता येत नाही; तिथे मास स्पेक्ट्रोमेट्री ही पद्धत हवी.

म्हणून तपासणी कुचकामी ठरत नाही. ती नीट झाली पाहिजे. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीची 2018 ची मार्गदर्शिका सांगते: लक्षणे हवीत, आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या तपासणीत पातळी पुन्हा पुन्हा कमी यायला हवी. त्यानंतर पिट्युटरी ग्रंथीची एलएच, एफएसएच ही संप्रेरके पाहावीत. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेले असेल तर दोष वृषणात. एलएच वाढलेच नसेल तर पिट्युटरीकडे वळावे, प्रोलॅक्टिनही तपासावे. अशी कमतरता सिद्ध झाली, तर उपचार घेण्यात लाज कसली?

घाईचा फटका मात्र मोठा आहे. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे पिट्युटरी एलएच, एफएसएच आवरते घेते आणि शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कधी थांबते. मूल हवे असलेल्या तरुणाला ‘ताकदी’साठी दिलेले इंजेक्शन त्याच्या पितृत्वाच्याच आड येते. म्हणून प्रत्येक रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ आणि मोजणीची पद्धत छापलीच पाहिजे, आणि सकाळची दुसरी तपासणी झाल्याशिवाय कुणी प्रिस्क्रिप्शन लिहू नये.