खेळणं विकतचंच कशाला?



दिवाळी आली की लहान भावंडं खेळणं मागतात. त्यात त्यांचं चुकत नाही. पण आपल्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास हजारो आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. घरात पैसा असतो तो मुकादमाच्या उचलीचा. त्यातून खेळणं आणलं तर तेवढा ऊस जास्त तोडून ती फेडावी लागते. म्हणून खेळणं घरीच करावं, असे माझे मत आहे.

ज्वारीच्या चिपाडाची गाडी होते. चिंध्यांची बाहुली होते. पोळ्याला मातीचे बैल आपण करतोच की! पुण्याच्या आयुका संस्थेत काम केलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन कितीतरी खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे हे काम हलकं नाही.

कुणी म्हणेल, फुकटचं खेळणं टिकत नाही. विकतची मोटार तरी कुठं टिकते? ती मोडली की संपली. चिपाडाची मोडली तर दुसरी करता येते.

पालकहो, निघण्याआधी एक संध्याकाळ आमच्याजवळ बसा. मिळून एक खेळणं करू. उचल वाढणार नाही, आणि फडावरच्या कोपीत धाकटं लेकरू त्याच्याशी खेळेल.