४२ हव्यात, आहेत २९!

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि इन्स्टावर भावुक रील्सचा पूर आला. साहजिकच आहे. १९६३ मध्ये दाखल झालेलं हे आपलं पहिलं सुपरसॉनिक लढाऊ विमान. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर याच विमानांनी रॉकेट्स डागली आणि दोनच दिवसांत पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. दुसरी बाजू 'रंग दे बसंती' पाहिलेल्यांना ठाऊक आहेच. मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी निम्म्याहून जास्त अपघातात गेली आणि त्यात १७१ वैमानिक दगावले, असं तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनीच २०१२ मध्ये संसदेत सांगितलं होतं.

मग इतकी वर्षं ते उडवलंच का? कारण जागा घ्यायला दुसरं कुणी नव्हतं!

एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात. हवाई दलाला मंजूर आहेत ४२ स्क्वाड्रन्स. मिगच्या शेवटच्या दोन गेल्या आणि उरल्या २९. म्हणजे दोनशेहून अधिक विमानांची तूट.

गंमत म्हणजे विमानं गेली तरी स्क्वाड्रन मरत नाही. तिला 'नंबरप्लेट' करतात, म्हणजे क्रमांक आणि परंपरा जपून ठेवतात, विमानं आली की पुन्हा उभी करतात. कारगिलच्या वेळी मिग-२१ उडवणारी १७ नंबरची 'गोल्डन ॲरोज' अशीच २०१९ मध्ये राफेलसाठी परतली. परमवीर चक्र विजेते निर्मलजित सिंग सेखों यांची १८ नंबरची 'फ्लाइंग बुलेट्स' २०२० मध्ये तेजस घेऊन आली. नावं तयार आहेत हो, विमानं कुठायत?

मिगची जागा घेण्यासाठी तेजसचा प्रकल्प सुरू झाला १९८३ला. पहिलं उड्डाण २००१, पहिली स्क्वाड्रन २०१६. त्याच्या सुधारित मार्क-१ए आवृत्तीची ८३ विमानं २०२१ मध्ये मागवली, ती मार्च २०२४ पासून मिळायला हवी होती. मिग निवृत्त झालं त्या दिवसापर्यंत एकही हाती आलेलं नव्हतं. दोष एकट्या एचएएलच्या माथी मारणं सोपं आहे, पण इंजिन अमेरिकेच्या जीईचं, आणि ती बंद पडलेली प्रॉडक्शन लाइन त्यांना पुन्हा सुरू करावी लागली. आपलं स्वतःचं कावेरी इंजिन तेजसला पुरेसा जोर देऊच शकलं नाही. खरी दुखरी नस ही आहे.

ज्या नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ बनायचं, तिथेच ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसची नवी लाइन सुरू झाली. क्षमता वर्षाला आठ, बंगळुरू धरून एकूण २४. आणखी ९७ विमानांची ऑर्डरही दिली आहे. एकूण १८०. सगळं वेळेवर झालं तरी साडेसात वर्षं लागणार, आणि तोवर जॅग्वारच्या सहा स्क्वाड्रन्सही निरोपाला टेकलेल्या असतील.